नवा सोडून जुना नेला

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आत नवाकोरा लॅपटॉप जागच्या जागी उभा होता, त्याच्या झाकणावरचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलं नव्हतं. गेला होता तो जुना. आठ वर्षांपूर्वीचा, एका कोपऱ्याचा रंग उडालेला, दुरुस्त करून दुसऱ्यांदा विकलेला.

गुरुवारी सकाळी मेघा हे सांगायला माझ्या दारात आली तेव्हा मी तुरीची डाळ निवडत होते. मेघा आमच्या वस्तीतल्या विहाराची अभ्यासिका सांभाळते. शांत पोरगी आहे, उगाच धावत येणारी नाही. त्या दिवशी चपला उलट्यासुलट्या टाकून आत आली. मी आधी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, नवा सोडून जुना नेणारा चोर माझ्या ऐकण्यात नाही, कोणी घरी नेला असेल. ती म्हणाली, नोंदवहीत कोणाची सही नाही आणि सगळ्यांना विचारून झालं.

अभ्यासिका तीन दिवस बंद होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी आमची वस्ती दरवर्षी रस्त्यावर मंडप टाकून भोजनदान करते. त्या तीन दिवसांत कोणी पोळ्या लाटतं, कोणी पाणी वाटतं, घरात कोणी सापडत नाही. चौथ्या दिवशी, बुधवारी, मेघाने कपाट उघडलं आणि जुन्याची जागा रिकामी दिसली. किल्ल्या तीन. एक मेघाकडे, एक समितीचे अध्यक्ष मधुकरराव यांच्याकडे आणि तिसरी अंकुशकडे.

अंकुश कुहीकडचा. सव्वीस वर्षांचा पोरगा, सकाळी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा आणि दुपारपासून आमच्या अभ्यासिकेत वाचत बसायचा. पाच वर्षं अभ्यास केल्यावर त्याची लिपिकाच्या जागेवर निवड झाली होती. यादीत नाव आलं त्या दिवशी त्याने सगळ्यांना पेढे दिले होते. आता फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा कागद यायचा राहिला होता. त्याच्या आधी त्याच ठाण्यात त्याच्या नावाने चोरीची तक्रार गेली असती, तर नेमणूक अडकली असती. आणि सरकारी नेमणूक एकदा अडकली की माणसाचे केस पांढरे होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

"धम्मानंददादानं अर्ज लिहून ठेवला," मेघा म्हणाली. "रविवारी दहा वाजता मीटिंग. त्यात अंकुशचंच नाव आहे, मावशी."

मी डाळीचं सूप बाजूला ठेवलं. रविवारला तीन दिवस होते.

२

मेघा माझ्याकडे का आली ते सांगते. मी सत्यवती. बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली. त्यातली बावीस वर्षं विभागीय चौकशीत लोकांचे जबाब लिहून घेतले. साहेब प्रश्न विचारायचे, समोरचा उत्तर द्यायचा आणि मी लिहायचे. लिहिणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, त्यामुळे मला सगळ्यांकडे बघता यायचं. एवढीच माझी विद्या.

आणखी एक कारण आहे, ते मेघाला माहीत नाही. आळ काय असतो हे मला ठाऊक आहे. चौदा वर्षांपूर्वी मी मधुकररावांच्या बायकोची, तुळसाबाईची, जांभळी साडी पुतण्याच्या लग्नात नेसायला मागून नेली होती. उमरेडच्या विणकराकडून घेतलेली, तिच्या जिवाची साडी. मी ती धुऊन, इस्त्री करून परत दिली. दोन महिन्यांनी तुळसाबाईला पदर फाटलेला दिसला आणि चार बायांसमोर ती मला म्हणाली, फाडायची होती तर मागितली काहून? मी नाही म्हटलं, तिने ऐकलं नाही. त्यानंतर आम्ही एकमेकींना जय भीम करतो, पण बसून चहा काही घेतला नाही. साडीची गोष्ट आहे, क्षुल्लक आहे. तरी अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

तर मी मेघाबरोबर अभ्यासिकेत गेले. पुस्तकांचं लोखंडी कपाट. मधल्या खणात नकाशांच्या जाड पुस्तकाला टेकून नवा लॅपटॉप उभा ठेवलेला. त्यावर चिठ्ठी डकवलेली होती, 'कु. दिपाली हिच्या स्मरणार्थ'. दिपाली म्हणजे मधुकरराव आणि तुळसाबाईची एकुलती मुलगी. बीएच्या शेवटच्या वर्षाला असताना तापाने गेली. नव्याच्या शेजारी वीतभर जागा, आणि त्या जागेत एक पुठ्ठा उभा होता. वरचा एक कोपरा तिरपा कापलेला. मी तो काढून पाहिला, दोन्ही बाजूंनी कोरा. खोक्यातला असेल म्हणून परत ठेवून दिला. बावीस वर्षं जबाब लिहून माझी अक्कल तिथे कमी पडली.

जुन्याचा चार्जर नव्हता. पण कपाटाखालच्या ड्रॉवरमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट काळी वस्तू होती. मेघा म्हणाली, ही जुन्या लॅपटॉपची बॅटरी. अभ्यासिका एका दिवसापेक्षा जास्त बंद राहणार असली की अंकुश ती काढून ठेवतो. जुनी बॅटरी फुगते म्हणून.

म्हणजे चोराने चार्जर नेला आणि बॅटरी सोडली. ड्रॉवरला कुलूपही नव्हतं.

३

त्या लॅपटॉपवरून आठ महिन्यांपूर्वी आमच्या समितीत केवढं रामायण झालं होतं. एक लॅपटॉप घ्यायचा ठरला. मधुकरराव म्हणाले नवा घ्या. धम्मानंद समितीचा सचिव, आणि त्याचं नव्या लॅपटॉपचंच दुकान आहे, तोही म्हणाला नवा. तेव्हा मागच्या सतरंजीवरून अंकुश उठला. त्याने शांतपणे सांगितलं की आपल्याजवळ आहेत तेवढ्या पैशांत नवा येईल तो अगदी हलका येईल, वर्षभरात रडायला लागेल, आणि त्यातलं काहीच बदलता येणार नाही. त्यापेक्षा मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षं वापरून काढून टाकतात ते घ्या. त्यांचा सांगाडा मजबूत असतो, बिजागऱ्या धातूच्या असतात. मेमरी वाढवता येते, डिस्क बदलता येते. आमच्या पोट्ट्यांना उघडून शिकता येईल. नव्याला हात लावायची भीती वाटते, जुन्याची वाटत नाही.

तो नमुना घेऊन आला होता. मधुकररावांनी उलटसुलट करून पाहिला, बाजूचं बटण दाबलं, तर सीडी ठेवायची तबकडी बाहेर आली. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "याच्यावर काय पोळ्या शेकायच्या गा? या जमान्यात सीडी कोण लावते? भंगार आणून राहिला तू." पोट्टे हसले. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळे हात अंकुशच्या बाजूने वर गेले. महिन्याभरात मधुकररावांनी आपल्या पेन्शनमधून धम्मानंदच्या दुकानातून नवा घेतला आणि मुलीचं नाव लावून दिला. तो दिला तेव्हापासून कपाटात होता. पोरं जुन्यावरच बसायची.

गुरुवारी दुपारी अंकुश मला दुरुस्तीच्या दुकानात भेटला. चेहरा उतरलेला. समोर एक उघडा लॅपटॉप होता आणि तो तोच तोच स्क्रू काढून परत लावत होता. मी विचारलं, तीन दिवस कुठे होतास? तो म्हणाला, पहिले दोन दिवस मंडपात पाणी वाटत होतो, तिसऱ्या दिवशी कुहीला गेलो, धान पाहायला. किती वाजता निघाला ते त्याला आठवेना. दोनदा चुकला, मग एसटीचं तिकीट शोधायला खिसे चाचपायला लागला. मला बरं वाटलं. खोटं बोलणारा वेळ घड्याळ लावून सांगतो.

मी म्हटलं, "मले एक सांग. कोणी नवा सोडून जुना नेला, तर काहून नेला असन? जुन्यात असं काय आहे जे नव्यात नाही?"

तो पहिल्यांदा सावरून बसला. कामाचं विचारलं की पोरगा बोलायला लागतो. बोटं मोडत त्याने सांगितलं, बॅटरी बाहेर काढता येते, वायरचं इंटरनेट लावायची जागा आहे, बटणं मोठी आहेत, सीडी लागते. बस.

"अन् बॅटरी नसली तर चालत नाही?"

"चालते ना मावशी. चार्जर लावून ठेवला की चालते. फक्त वायर निघाली की बंद."

मी उठले. तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "मावशी, मी माह्या बापाले अजून सांगतलं नाही. गावात सगळ्याइले पेढे वाटून झाले त्याचे."

४

धम्मानंदने मला दुकानात खुर्ची दिली, थंड पाणी मागवलं आणि मी विचारायच्या आधीच तो सांगायला लागला. जुन्या मालाचं असंच असतं, त्याचे पार्ट सोन्याच्या भावाने जातात, अंकुश विकून मोकळा झाला असन. मी विचारलं, सुट्या पार्टात सगळ्यात आधी काय विकलं जातं? तो बोलून गेला, बॅटरी अन् चार्जर. मी म्हटलं, बॅटरी तर ड्रॉवरमध्ये आहे.

त्याला हे माहीत नव्हतं, आणि त्याचं माहीत नसणं खरं होतं. तोंडाचा रंगच सांगत होता. मग मी त्याला आठवण करून दिली की मंडपाच्या पहिल्या दिवशी मेघाकडून किल्ली घेऊन तोच सतरंज्या काढायला गेला होता. त्याने कबूल केलं, गेलो होतो, मेघाचा भाऊ सोबत होता, पाच मिनिटांत सतरंज्या उचलून आलो. मेघाच्या भावाने नंतर तेच सांगितलं. धम्मानंद अंकुशवर जळतो, यात काही शंका नाही. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात हजार लॅपटॉप हातात धरले त्याला बॅटरीचं मागचं रिकामं भोक दिसलं नसतं असं होत नाही. त्याने नेला असता तर ड्रॉवर उघडून पाहिलाच असता.

मेघालाही मी सोडलं नाही. तिच्या घरचा कंप्युटर मागच्या दिवाळीपासून बंद आहे आणि ती टायपिंगची कामं घेते, हे मला ठाऊक होतं. मी सरळ विचारलं. तिचे डोळे भरून आले, पण ती चिडली नाही. म्हणाली, "मले पाहिजे असता तर वहीत सही करून नेला असता. मी नाही का नेत? अन् बॅटरी कुठे असते ते मले माहीत आहे मावशी. बॅटरी ठेवून मी कायले नेऊ?"

तिचं बोलणं मी घरी येऊन पुन्हा डोक्यात लिहून काढलं, जुन्या सवयीने. अंकुशने बॅटरी स्वतः काढून ठेवली होती. मेघाला ती कुठे असते ते माहीत होतं. धम्मानंदला ती नाही हे हातात घेताच कळलं असतं. म्हणजे ज्याने नेला त्याला लॅपटॉपची बॅटरी बाहेर निघते हेच माहीत नव्हतं. आणि किल्ली तर त्याच्याकडे हवी.

एकच माणूस उरत होता, आणि माझा त्यावर विश्वास बसत नव्हता.

५

शुक्रवारी संध्याकाळी मी मधुकररावांकडे गेले. सरकारी रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक कागद हरवला नाही, असं लोक सांगतात. निवृत्तीनंतर विहाराच्या समितीत आले आणि तिथेही तसेच. नोंदवही सुरू केली ती त्यांनीच. कोणतीही वस्तू बाहेर नेली की सही, परत आणली की सही, हा त्यांचा नियम.

तुळसाबाई दारातच खुर्चीवर बसली होती. मी जय भीम केला तर तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि विचारलं, कोण आहे? मला धक्का बसला. काचबिंदू झाल्याचं ऐकलं होतं, पण एवढं झालंय हे माहीत नव्हतं. मधुकरराव म्हणाले, एका डोळ्याचं गेलं, दुसऱ्यानं समोरचं हातभर दिसते, तेही थोड्या दिवसांचं आहे असं डॉक्टर म्हणतात. औषध टाकायला दुपारी घरी यावं लागते. मंडपातूनही तिन्ही दिवस येत होतो.

तुळसाबाईच्या मांडीवर प्लास्टिकचा एक चौकोनी पातळ डबा होता. सीडी ठेवतात तसला. रिकामा. ती बोटाने त्याच्या कडा चाचपत होती.

मी अभ्यासिकेचा विषय काढला. मधुकरराव सगळं नीट सांगत गेले, पहिल्या दिवशी किती वाजता मंडपात गेलो, दुसऱ्या दिवशी किती वाजता घरी आलो, एकही मिनिट इकडे तिकडे नाही. शेवटी म्हणाले, "तक्रार द्यायचीच का नाही, ते रविवारी बघू." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या पुस्तकांच्या फळीकडे पाहिलं.

मीही तिकडे पाहिलं. बाबासाहेबांचे खंड ओळीने लावलेले. मधला एक खंड फळीवर नव्हता, तो टेबलावर उघडा पडला होता. आणि फळीवर त्याच्या जागी एक पुठ्ठा उभा होता. वरचा एक कोपरा तिरपा कापलेला.

६

रात्री मला झोप लागली नाही. शनिवारी सकाळी मी पुन्हा गेले. तुळसाबाई मागच्या खोलीत होती. मधुकरराव अंगणात एकटेच होते.

मी उभ्याउभ्याच विचारलं, हा पुठ्ठा कायले ठेवता? ते म्हणाले, रेकॉर्ड रूमची सवय. गठ्ठ्यातून फाईल काढली की तिच्या जागी पुठ्ठा उभा करायचा, म्हणजे शेजारच्या फायली पडत नाहीत आणि ती परत कुठे ठेवायची ते कळते. कोपरा काढला की बोटाला लवकर सापडते. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. आपण काय सांगतो आहोत ते त्यांच्या लक्षात आलं.

मी म्हटलं, "मधुकरराव, चोर पुठ्ठा ठेवत नाही. परत आणून ठेवायचं असते तोच पुठ्ठा ठेवते."

ते पायरीवर बसले. मी थांबले. जबाब घेताना गप्प बसता आलं पाहिजे.

मग त्यांनी सांगितलं. दिपालीच्या कॉलेजमध्ये स्नेहसंमेलनात तिने भाषण केलं होतं, त्याची सीडी कॉलेजने दिली होती. त्याच वर्षी ती गेली. सीडी चौदा वर्षं कपाटात पडून होती, दोघांनीही लावायची हिंमत केली नव्हती. डॉक्टरांनी डोळ्यांचं सांगितलं त्या दिवशी तुळसाबाई म्हणाली, फोटो नको, मले एकदा पोरगी चालता-बोलताना पाहू द्या. मधुकरराव आधी नव्या लॅपटॉपजवळ गेले. ज्याच्यावर त्यांनी मुलीचं नाव लावलं, त्यात तिची सीडी जायला जागाच नव्हती. सीडी लावायचं वेगळं यंत्र बाजारात मिळतं हे त्यांना माहीत नव्हतं. अंकुशला विचारलं असतं तर पोराने घरी आणून दिला असता. पण ज्याला भर मीटिंगमध्ये भंगार म्हटलं, त्याच्यासमोर हात पसरायला जीभ रेटेना.

"तीन दिवस बंद होती. म्हटलं, नेतो, दाखवतो अन् आणून ठेवतो. कोणाले कळणार नाही. वहीत सही करायला हात उठला नाही जी, पहिल्यांदा आयुष्यात."

सीडी आत गेली, खरखर वाजली आणि अडकली. तबकडी बाहेर येईना. जोर लावावा तर मोडायची भीती, आणि आत पोरीची एकुलती एक सीडी. तसाच परत ठेवावा तर सीडी त्यात. तिसरा दिवस गेला, मेघाने कपाट उघडलं, आणि धम्मानंदने अंकुशचं नाव घेतलं.

मला राग आला तो तिथे. "तुम्ही दोन दिवस त्याचं नाव ऐकत बसले. त्याच्या नोकरीचा कागद ठाण्यात आहे, हे तुम्हाले माहीत होतं."

"माहीत होतं," ते म्हणाले. "रोज सकाळी ठरवत होतो, सांगून टाकतो. मग कोणी समोर आलं की मी अध्यक्ष होऊन जात होतो."

मी म्हटलं, लॅपटॉप द्या, अंकुशला बोलावते, तो आत्ता सीडी काढून देईल. त्यांनी मान हलवली. म्हणाले, आधी उद्या सगळ्यांसमोर सांगतो, मग त्याच्याजवळ मागतो. आधी काम करून घेतलं तर तो आणखी एक अन्याय होईल.

रविवारपर्यंत ते बदलतील की काय, ही धाकधूक मला होतीच.

७

बदलले नाहीत. रविवारी दहाला सगळे जमले. धम्मानंदच्या हातात अर्ज होता. अंकुश मागे भिंतीला टेकून उभा होता, कुहीहून त्याचे वडील देवाजी पहिल्या गाडीने आले होते, धुतलेलं धोतर नेसून त्याच्या शेजारी. पोराने शेवटी फोन केला होता. मधुकरराव उठले, टेबलावरची नोंदवही उघडली आणि उभ्यानेच त्यात लिहिलं. वस्तू, जुना लॅपटॉप. नेल्याची तारीख. नेणाऱ्याचं नाव. मग ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, "चोरी झाली नाही. मी नेला. अंकुशचं नाव घेतलं गेलं तेव्हा मी गप्प राहिलो, ते चोरीपेक्षा वाईट केलं. अध्यक्षपद मी आजपासून सोडलं."

धम्मानंदने अर्जाची घडी करून खिशात घातली, मग काय वाटलं कोण जाणे, बाहेर काढून फाडला. देवाजीने गमछ्याने तोंड पुसलं.

अंकुश मात्र बाहेर निघून गेला आणि पायरीवर बसला. मी त्याच्याजवळ गेले तेव्हा त्याची मान खाली होती. म्हणाला, "मावशी, माहा बाप पहाटे चारले उठून बसला होता एसटीसाठी. त्याले असं या वयात यावं लागलं." मी त्याला समजावलं नाही. राग खरा होता.

मधुकरराव बाहेर आले, त्याच्यासमोर उभे राहिले. कारण सांगितलं, दिपालीचं, सीडीचं, तुळसाबाईच्या डोळ्यांचं. माफ कर असं दोनदा म्हणाले. अंकुश ऐकत होता, वर पाहत नव्हता. शेवटी त्याने चपला पायात घातल्या.

"घरी यू-पिन आहे का काका?" त्याने विचारलं.

चौतीस वर्षं कागदांत काढलेल्या माणसाच्या घरी यू-पिनांचा डबाच होता. अंकुशने एक पिन सरळ केली. तबकडीच्या पुढच्या बाजूला टाचणीएवढं भोक असतं, ते आम्हाला कोणालाच दिसलं नव्हतं. पिन आत घातली, हलकेच दाबली, तबकडी सुटून पुढे आली. एवढंसं काम होतं, आणि तेवढ्यासाठी एका पोराची नोकरी जायला निघाली होती. त्याने सीडी रुमालाने मधून बाहेर अशी पुसली, पुन्हा ठेवली, चार्जर नीट खोचला. तुळसाबाईची खुर्ची आम्ही पडद्याला अगदी चिकटवली. मी निघते म्हटलं तर ती म्हणाली, बस वं.

आधी हारतुरे, प्राचार्यांचं भाषण, मग नाव पुकारलं गेलं. दिपाली चालत आली. जांभळी साडी नेसलेली, उमरेडची. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती व्यासपीठाच्या पायऱ्या चढली आणि टेबलाच्या कोपऱ्यावरून वळताना पदर खिळ्याला अडकला. फाटल्याचा आवाज त्या सीडीत आला नाही, पण फाटलेला दिसला. पोरीने जीभ चावली, कॅमेऱ्याकडे पाहून हसली, पदराचं टोक मुठीत धरलं आणि तशीच बोलायला लागली.

तुळसाबाईने हात लांब करून पडद्याला लावला. मधुकरराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. भाषण संपेपर्यंत खोलीत फक्त दिपालीचा आवाज होता.

मग तुळसाबाईने माझ्या बाजूला मान वळवली, चाचपडत माझं मनगट धरलं.

"मले न विचारता नेसली होती वं. अन् घडी करून जागेवर ठेवली होती," ती म्हणाली. "अन् मी तुले बोलली. चौदा वर्षं बोलली."

मी म्हटलं, राहू दे आता. मला रडू आलं होतं, ते मी लपवलं नाही. तिने मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने डोळे पुसून तिने अंकुशला हाक मारली.

"पुन्हा लाव गा बाबू," ती म्हणाली. "तिचा पदर अडकते ना, तिथून लाव."